द्राक्षाच्या काडीवर चालणारा बंब घरी बांधायचा तर

अंघोळीचं पाणी तापवायच्या बंबासाठी शीट आणायला जाण्याआधी तो बसणार कुठे ते ठरवा. दुकानात येणारे बरेच जण म्हणतात, "भाऊ, न्हाणीघराच्या कोपऱ्यात मावेल असा करून द्या." त्याला मी सरळ नाही म्हणतो. लाकूड जळताना, विशेषतः निखारे उरतात तेव्हा, कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. न्हाणीघर म्हणजे घरातली सगळ्यात लहान खोली, आणि थंडीत तिच्या झरोक्यालाही आपण पोतं लावतो. अशा जागी विस्तव ठेवून आत माणूस कडी लावून बसणार, हे मला पटत नाही. बंब बाहेर, मोरीच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या पडवीत. भिंतीतून फक्त पाण्याचा पाइप आत जाईल. एवढं मान्य असेल तर पुढचं वाचा.

माझं निफाड तालुक्यात फॅब्रिकेशनचं दुकान आहे. वर्षभर द्राक्षबागेचे अँगल, ट्रॉल्या, फवारणीच्या टाक्यांचे सांगाडे. दिवाळी झाली की बंबाची विचारणा सुरू होते. आमच्याकडची थंडी महाराष्ट्राला पेपरातून माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या खाली उतरला की बातमी येते, आणि त्या रात्री बागायतदार मणी वाचवायला बागेत शेकोट्या पेटवून जागतो. त्याच घरात पहाटे आठ-दहा माणसांच्या अंघोळी व्हायच्या असतात. पंधरा लिटरचा गीझर दोन माणसांत गार पडतो, आणि वीज असेलच याची खात्री नाही. उलट एप्रिलच्या खरड छाटणीत एकेका बागेतून ट्रॉलीनं काडी निघते आणि बरेच जण ती बांधावर पेटवून मोकळे होतात. हिवाळाभराचं सरपण आपण ऐन उन्हाळ्यात जाळून टाकतो. मला हे बघवत नाही, म्हणून हा बंब काडीवर चालेल असा बसवत आणलाय.

आधी हिशेब

साठ लिटर पाणी १५ अंशांवरून ७५ अंशांवर न्यायचं तर साधारण १५ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या चार युनिटच्या थोडी वर उष्णता लागते. चांगलं वाळलेलं लाकूड किलोला साधारण १५ मेगाज्यूल देतं, पण सगळं पाण्यात उतरत नाही. तीन दगडांच्या चुलीवर दहा-पंधरा टक्के उतरतं, बाकी धुराबरोबर आणि वाऱ्यावर जातं. विस्तव चारी बाजूंनी पाण्याने वेढला तर तिसरा हिस्सा किंवा जरा जास्त पदरात पडतो. म्हणजे तीन किलो वाळलेल्या लाकडात बंब तापला पाहिजे. ७५ अंशांचं ते साठ लिटर पाणी विसण घालून ४० अंशांवर आणलं की वीस लिटरच्या सात बादल्या भरतात. चार-पाच माणसं एका पेटवणीत सहज निघतात. घर मोठं असेल तर बंब मोठा करण्यापेक्षा मध्ये दोन मुठी लाकूड सारलेलं बरं.

धातूबद्दल एक समज आहे की तांबं लवकर तापतं, म्हणून बंब तांब्याचाच हवा. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीचे बंब पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत आणि त्या घडाईबद्दल मला मनापासून आदर आहे. तांबं गंजत नाही, पोचे आले तर ठोकून काढता येतात, आणि मोडीत घातलं तरी पैसे देतं. पण पाणी तापायला लागणारा वेळ धातूवर फारसा अवलंबून नसतो. तांब्यातून उष्णता स्टीलच्या वीसपट वेगाने वाहते हे खरं, पण अडवणूक पत्र्यात नसतेच. ती असते धुरापासून पत्र्यापर्यंतच्या टप्प्यात. गरम धूर पत्र्याला नीट घासून गेला नाही तर पत्रा सोन्याचा असला तरी उपयोग नाही. म्हणून मी ३०४ नंबरचं स्टेनलेस वापरतो आणि सगळा जीव धुराच्या वाटेवर लावतो.

साधं लोखंड स्वस्त पडतं, पण दोन-तीन हिवाळ्यांत अंघोळीचं पाणी तांबडं यायला लागतं. जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा मात्र अजिबात घेऊ नका. वेल्डिंग करताना त्यातल्या जस्ताचा धूर छातीत जाऊन संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. भंगारातला ड्रम नको, कारण आधी त्यात काय होतं ते कुणी सांगत नाही. औषधाचा किंवा थिनरचा असेल तर कटर लावताच स्फोट होऊ शकतो. आणि रिकामा गॅस सिलिंडर कापून बंब करायची कल्पना कुणी मांडली तर त्याला तिथेच थांबवा. तो सिलिंडर आपल्या मालकीचा नसतो, आणि रिकामा वाटला तरी आत गॅस राहिलेला असतो.

बंबाचा आकार

बाहेरचं नळकांडं ४०० मिमी व्यासाचं आणि ६५० मिमी उंच. त्याच्या पोटात, खालच्या बाजूला, विस्तवाची कोठी: २५० मिमी व्यास, ३०० मिमी उंची. कोठीच्या डोक्यावर मधोमध १०० मिमीची धुराची नळी, ती पाण्यातून वर येऊन वरच्या पत्र्यातून बाहेर पडते. कोठी आणि नळी यांच्याभोवती जे पोकळ राहतं त्यात पाणी. लाकूड घालायला समोरून १५० मिमीचं चौकोनी तोंड, तेही पाण्यातूनच आत गेलेलं. कोठीचा तळ उघडा, तिथे जाळी, आणि जाळीखाली राखेचा ट्रे. सगळ्याला २०० मिमीचे अँगलचे पाय.

बाहेरच्या पत्र्याला २ मिमी जाडी पुरते, विस्तवाला भिडणाऱ्या कोठीला ३ मिमी घ्या. रोलिंगसाठी पट्टीची लांबी व्यासाच्या ३.१४ पट: बाहेरच्यासाठी १२५७ मिमी, कोठीसाठी ७८५. आठ बाय चारच्या शीटवर बाहेरची पट्टी लांबीच्या दिशेने आखा. चार फूट म्हणजे १२१९ मिमी, त्यामुळे रुंदीत ती बसत नाही. आखणी सुरू करण्याआधी हे बघितलं नाही तर शीट फुकट जाते. बंब रिकामा पंचवीस-सव्वीस किलोचा होतो आणि भरल्यावर नव्वदच्या आसपास जातो, तेव्हा पायांखाली शहाबादी फरशी किंवा काँक्रीट हवं.

आता पाण्याचा भाग, आणि माझ्या मते या बंबात सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर तेच. या बंबाला गरम पाण्याची तोटी नाही.

एका काकूंच्या पडवीत पहिला बंब बसवला तेव्हा त्या चारी बाजूंनी फिरून बघत म्हणाल्या, "अरे, याला तोटी कुठंय? पाणी काढायचं कसं?" मी म्हटलं, "काकू, तोटीच नको. तुम्ही वरून गार ओता, मोरीत गरम येईल." त्यांनी तांब्याभर पाणी नरसाळ्यात ओतलं, आत बादलीत वाफाळतं तांब्याभर पडलं. मग त्यांनी आत-बाहेर फेऱ्या घालून खात्री करून घेतली.

जुन्या घरांतून असे बंब होते, मी काही नवं शोधलेलं नाही. नरसाळ्याची एक इंची नळी आत थेट तळाजवळ, एक इंच वर थांबते. गरम पाण्याची दीड इंची नळी वरच्या पत्र्याखाली दोन इंचांवर बाहेर निघते आणि किंचित उतार घेऊन भिंतीतून मोरीत जाते. गरम पाणी हलकं म्हणून वर, गार जड म्हणून खाली. तळाला गार घातलं की वरचं गरम तेवढंच बाहेर सांडतं. नरसाळ्याचं तोंड गरम नळीपेक्षा सहा इंच तरी वर ठेवा, नाहीतर पाणी ढकललं जाणार नाही. गरम नळी नरसाळ्याच्या नळीपेक्षा जाडच हवी. आत येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट अपुरी पडता कामा नये.

यातला खरा फायदा असा की बंब रिकामा होतच नाही. खाली तोटी असलेला बंब घाईगर्दीत कुणीतरी रिकामा करतं, विस्तव तसाच असतो, पत्रा लाल होतो, आणि मग कुणीतरी त्यावर गार पाणी ओततं. सांधे उकलतात ते तिथे. या रचनेत कोठीच्या डोक्यावर कायम फूटभर पाणी उभं असतं, पस्तीस लिटरच्या आसपास. ते सगळं उकळून उडवायचं तर आणखी चौदा-पंधरा किलो लाकूड घालावं लागेल. विसरून गेलात तरी तेवढं कुणी घालत नाही.

गरम नळीवर व्हॉल्व्ह बसवायचा नाही. शॉवर जोडायचा नाही. त्यात बूच, चिंधी, काही कोंबायचं नाही. पाणी वाफ होताना सोळाशे पटींहून जास्त फुगतं, आणि तिला बाहेर पडायला वाट नसली तर दोन मिमीचा पत्रा तिला थोपवू शकत नाही. दाबाखाली वाफ धरणाऱ्या बॉयलरसाठी आपल्या देशात १९२३ सालीच कायदा झाला, तपासणी आली, परवाने आले, ते उगाच नाही. आपण तसला बॉयलर करत नाही आहोत. आपला बंब उघडा आहे म्हणूनच तो घरी करता येतो.

म्हणून वरच्या पत्र्यावर आणखी एक तोंड ठेवा, पाच इंची, हात आत जाईल एवढं. त्यावर नुसतं सैल झाकण, डब्याच्या झाकणासारखं. उद्या कुणी गरम नळीत काही अडकवलंच तरी वाफ झाकण उचलून निघून जाईल. या झाकणाला बोल्ट नको, वर वीट नको, बिजागरीही नको. क्षार खरवडायलाही हेच तोंड कामाला येतं.

वीस लिटरची बादली कमरेच्या वर उचलून नरसाळ्यात ओतणं घरातल्या वयस्कर बायकांना जमत नाही. तिथे गच्चीवरच्या टाकीचा नळ आणा, पण त्याचं तोंड नरसाळ्याच्या वर चार बोटं मोकळं ठेवा. पाइप थेट जोडला की उघडा बंब टाकीच्या दाबाखाली गेला, आणि आतापर्यंतचं सगळं वाया. नळ किती सोडला की नरसाळं तुंबत नाही ते एकदा बघून तिथे खूण करून ठेवा.

जोडणी

क्रम चुकला तर आतला सांधा हाताला येत नाही, म्हणून क्रम सांगतो. आधी कोठी, तिचं डोकं आणि धुराची नळी हे एक अंग पूर्ण करा, सांधे दोन्ही बाजूंनी भरून. मग कोठीच्या खालच्या काठाला तळाची चकती, बाहेरचा व्यास ४००, आतला २५०. मग लाकडाच्या तोंडाचा बोगदा कोठीला जोडा. आता बाहेरचं नळकांडं वरून चढवा, बोगद्याच्या जागी त्याला खाच आधीच कापलेली असावी. बोगदा आणि तळ बाहेरून भरा. नरसाळ्याची नळी, गरम नळी आणि तळाशी गाळ काढायचा सॉकेट हे सगळं वर उघडं असतानाच बसवा. वरचा पत्रा शेवटी. तळाच्या सॉकेटला बूच घाला, तोटी नको. तोटी दिसली की कुणीतरी ती उघडतंच.

स्टेनलेस तापलं की लोखंडापेक्षा दीडपट पसरतं. एका टोकाकडून सलग भरत गेलात तर नळकांडं पिळवटतं. आधी चार बाजूंना टॅक, म्हणजे नुसते ठिपक्याएवढे सांधे, मग समोरासमोर दोन-दोन इंचाचे टप्पे, मध्ये गार होऊ द्या. टिग (आर्गॉन) वेल्डिंग असेल तर उत्तम, नाहीतर ३०८एल ची २.५ मिमीची वेल्डिंगची काडी आणि करंट बेताचा. स्टेनलेसच्या वेल्डिंगचा धूर घातक असतो, क्रोमियममुळे. उघड्यावर बसा, वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल असं बघा, मास्क लावा. ग्राइंडरची चकती लोखंडाला वापरलेली नको, नाहीतर तिचे कण रुतून स्टेनलेसलाही तांबडे ठिपके येतात. स्वतःचा हात बसलेला नसेल तर कापणी-आखणी तुम्ही करा आणि सांधे कारागिराकडून भरून घ्या. त्यात कमीपणा नाही.

गळती बघायला कॉम्प्रेसरची हवा भरू नका. दाबलेल्या हवेने सांधा फुटला तर पत्रा अंगावर येतो. जुनी पद्धत चांगली आहे: सांध्याच्या एका बाजूला कालवलेला पांढरा चुना लावून वाळू द्या, दुसऱ्या बाजूने रॉकेलचा ब्रश फिरवा. सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी पांढऱ्या चुन्यावर तेलकट ठिपका उमटतो. कोठीचे सांधे बाहेरचं नळकांडं चढवण्याआधी असे तपासा, कारण नंतर त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. सगळं झालं की सोड्याच्या पाण्याने धुवा आणि बंब भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा.

धुराची वाट

धूर सरळ वर सुटला तर उष्णता त्याच्याबरोबर जाते. त्याला रेंगाळत ठेवायचं, पण कोंडायचं नाही, एवढंच सगळं कसब आहे. धुराच्या नळीत पाऊण इंची रिकामी जागा दोन्ही बाजूंना राहील अशी स्टेनलेसची पट्टी, पीळ देऊन, वरून आकड्याला टांगा. पीळ वाढवला की धूर जास्त वेळा पत्र्याला घासतो आणि पाणी लवकर तापतं. फार पिळलात तर धूर लाकडाच्या तोंडातून तुमच्या डोळ्यांत येतो. योग्य पीळ ओळखायची खूण अशी: बंब चांगला पेटल्यावर चिमणीच्या खालच्या भागावर पाण्याचा थेंब टाका. चर्र करून तत्काळ उडाला तर ठीक. ओघळत राहिला तर धूर फार गार होतोय, आणि त्यातलं डांबर चिमणीत साचणार. साचलेलं डांबर पुढे कधीतरी पेट घेतं आणि चिमणी लाल होते. पट्टीचा पीळ थोडा सोडवा.

चिमणी चार इंची, जाळीपासून मोजली तर दहा फूट तरी उंच, आणि आढ्याच्या दोन फूट वर. पत्र्यातून जाते तिथे भोक मोठं ठेवून मध्ये पत्र्याची बाही घाला. लाकडी वासा, पाचट, कडबा यांपासून दीड फूट लांब. वरची टोपी आणि चिमणीचं तोंड यांत चार बोटं अंतर. चिमणीत बंद होणारी झडप मी देत नाही. हवा कमी-जास्त करायची ती खालून, राखेच्या दाराने.

जाळीला १० मिमीच्या सळया, मध्ये तेवढंच अंतर. काडीचे निखारे बारीक पडतात. अंतर जास्त ठेवलं की ते जळायच्या आत राखेत जातात. जाळी वेल्ड करू नका, नुसती टेकवा. ती वाकणार आणि बदलावी लागणार.

बाहेरून दोन इंच रॉकवूल गुंडाळून वर पातळ पत्रा मारा. उघडा बंब सगळा मिळून चारशे वॉटच्या आसपास उष्णता हवेत सोडत राहतो, म्हणजे पहाटे तापवलेलं पाणी नऊपर्यंत बरंच निवतं. गुंडाळल्यावर उशिरा उठणाऱ्यालाही गरम मिळतं. थर्माकोल वितळतो आणि गोणपाट पेट घेतं, तेव्हा ते नको.

पेटवणं

आधी पाणी भरा आणि गरम नळीतून धार आल्याशिवाय काडेपेटीची काडी ओढू नका. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

द्राक्षाची काडी बोटाएवढी, भरकन पेटते आणि तेवढ्याच घाईने संपते. नुसत्या काडीवर बंब ठेवला तर माणूस तिथून हलू शकत नाही. मी असं सांगतो: तुराटी किंवा पऱ्हाटी घेऊन पेटवा, वर काडीची मूठ घाला, आणि जाळ धरला की बाभळीचे बंबासाठी फोडलेले एक-दोन तुकडे. बाभूळ विस्तव धरून ठेवते, काडी जाळ देते. कोठी अर्धीच भरा. वरच्या अर्ध्या जागेत जाळाला जळू द्यायचं असतं. तोंडापर्यंत ठासली तर लाकूड धुमसतं आणि न जळालेला धूर वर जातो. चिमणीतून पहिली पाच-दहा मिनिटं दाट धूर येणारच. त्यानंतरही काळा-पिवळा धूर येत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा राखेचं दार मिटलेलं आहे.

नव्या बंबाखाली पेटवताना पाण्याचे थेंब पडताना दिसतात आणि लोक मला फोन करतात की बंब गळतोय. बहुतेक वेळा तो गळत नसतो. एक किलो वाळलेलं लाकूड जळलं तरी अर्ध्या किलोहून जास्त पाण्याची वाफ धुरात असते. आतला पत्रा गार असेपर्यंत ती त्यावर जमते आणि ठिबकते. पाणी कोमट झालं की थांबतं. विस्तव नसताना थेंब पडला तरच सांधा तपासा. तसंच पाणी तापत जाईल तसं गरम नळीतून मोरीत थेंब-थेंब टपकेल. साठ लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापताना दीड लिटरच्या वर फुगतं, ते कुठेतरी जायला हवं. खाली बादली ठेवा.

तासाभरात पाणी होतं. आणि ते खरोखर भाजण्याइतकं गरम असतं. ७० अंशांचं पाणी कातडीवर सेकंदभर पडलं तरी फोड येतो. बादलीत आधी गार, मग वरून गरम, हा क्रम मुलांना लावून द्या. गरम नळीचं तोंड बादलीच्या काठापर्यंत खाली आणा, म्हणजे उकळलं तर शिंतोडे अंगावर येणार नाहीत.

काडीत बागेची सुतळी, प्लास्टिकच्या टेपा, तारेचे तुकडे अडकलेले असतात, ते वेचून काढा. ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर, औषधांचे खोके, टायर, रंगवलेला प्लाय यांतलं काहीही बंबात घालू नका. शेजारी लहान मुलं असतात आणि तो धूर त्यांच्याच अंगणात उतरतो. काडीवर वर्षभर फवारण्या झालेल्या असतात म्हणून या राखेने भांडी घासू नयेत असं माझं मत आहे. बांधावरच्या झाडांच्या आळ्यात टाका.

काडी वाळवण्याबद्दल एवढंच: ताज्या काडीत जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं, आणि ते पाणी उडवायला तुमचाच जाळ खर्च होतो. छाटणी झाली की मोळ्या बांधून मेमध्ये उन्हात, मग मृग लागायच्या आत छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच. ताडपत्रीने गच्च झाकू नका, आत बुरशी धरते.

खोली गरम होईल का?

हे दर थंडीत कुणीतरी विचारतं, घरात म्हातारं माणूस असलं की हमखास. भिंतीतून नळ्या नेऊन, खोलीत पाइपांची चौकट लावून गरम पाणी फिरवता येतं, पंपाशिवायही. गरम वर चढतं, गार होऊन खाली परत येतं. पण हा बंब त्या कामाचा नाही. पाणी आपोआप फिरायला चौकट विस्तवापेक्षा वर हवी, आणि त्यात हवा अडकू नये म्हणून चौकटीच्याही वर उघडी टाकी हवी. टाकी वर गेली की आपल्या गरम नळीतून सगळं पाणी वाहून जाईल. त्यासाठी वेगळा बंब लागतो: ना नरसाळं ना सांडनळी, फक्त चढता पाइप, उतरता पाइप, आणि वरच्या उघड्या टाकीपर्यंत जाणारी एक मोकळी नळी, जिच्यावर कधीही व्हॉल्व्ह नसेल.

आणि खर्च करण्याआधी हिशेब बघा. शंभर लिटर पाणी ६० वरून ३५ अंशांपर्यंत निवताना तीन युनिटला किंचित कमी उष्णता देतं, म्हणजे हजार वॉटचा हीटर तीन तास लावल्याएवढी. कौलारू छप्पर, दाराखाली बोटभर फट, खिडकीला नुसती जाळी, अशा खोलीत ती उष्णता टिकत नाही. आधी फटी बुजवा, कौलांखाली छत मारा. निम्म्या घरांत तेवढ्यानेच भागतं.

देखभाल

पंधरा दिवसांनी पिळाची पट्टी बाहेर काढून झटका आणि नळीत तारेचा ब्रश फिरवा. काजळीचा पातळ थरही उष्णता अडवतो. पाणी तापायला वेळ लागायला लागला की आधी हेच बघा. ट्रेमधली राख रोज काढा, जाळीला भिडली की हवा बंद होते आणि सळया वाकतात. राख पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या घमेल्यात नाही. आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतो.

बोअरचं पाणी असेल तर कोठीच्या डोक्यावर पांढरा थर बसतो. वर्षातून एकदा, पाणी कोमट असताना सैल झाकणातून दीड किलो लिंबूसत्व घालून चार तास ठेवा, मग तळाचं बूच काढून सोडा आणि दोनदा धुवा. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, त्यातलं क्लोराइड स्टेनलेसला बारीक छिद्रं पाडतं.

होळीनंतर बंब बंद कराल तेव्हा विस्तव पूर्ण विझल्यावर पाणी काढा, आत फडकं फिरवा, झाकण उघडं ठेवा. चिमणीत पक्षी घरटं करतात, म्हणून टोपीखाली जाळी बांधा किंवा तोंडावर डबा पालथा घाला. डबा घातला असेल तर राखेच्या दाराला दोरीने एक चिठ्ठी बांधून ठेवा, म्हणजे दिवाळीत जो कुणी पहिला पेटवायला जाईल तो आधी वर चढून डबा काढेल.